सतरा वर्षांची मुदत

फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, सिनसिनाटी अशा अमेरिकेच्या पूर्व भागातील शहरांच्या परिसरात, जुन्या ओक किंवा मेपल वृक्षाखालच्या बागेत वाफे करण्यासाठी कुदळ चालवली, तर कधीकधी वीत-दीड वीत खोलीवर, मुळांना लगटून असलेल्या, आतून गुळगुळीत लिंपलेल्या लहानशा पोकळीतून एक विलक्षण प्राणी हाती लागतो. वाढ पुरी झालेली असेल तर लांबी सुमारे एक इंच, रंग पिवळसर बदामी, पाठीला किंचित कुबड, आणि तळहातावर घेतले असता पळून जाण्याची कसलीही घाई नाही. त्याची ओळख पटवावयाची ती प्रथम पुढच्या दोन पायांवरून. खेकड्याच्या नांगीसारखे जाड आणि आतल्या अंगाला काटे असलेले हे पाय माती उकरण्यासाठीच घडलेले असतात; मागचे चार पाय त्यांच्या मानाने अगदी किरकोळ. उताणे करून पाहिले तर जबडा कोठेच आढळत नाही. त्या जागी एक बारीक, टोकदार सोंड पायांच्या मधून मागे वळून छातीला चिकटलेली दिसते. वय वाढलेले असेल तर पाठीच्या दोन्ही अंगांना पंखांच्या चपट्या कळ्या उमटलेल्या असतात. हे सिकाड्याचे पिल्लू होय.

जमिनीतला पांढरट किडा म्हटला की आपल्याकडील शेतकऱ्याच्या मनात प्रथम हुमणी येते, आणि अमेरिकेतील बागाइतदारही पुष्कळदा तशाच एखाद्या भुंगेऱ्याच्या अळीशी या पिल्लाची गल्लत करतो. वस्तुतः दोहोंत साम्य थोडे. हुमणी अर्धवर्तुळाकार मुरडून पडलेली असते, तिचे डोके तपकिरी व जबडा बळकट असतो, ती मुळे कुरतडून खाते आणि पुढे कोषात जाऊन भुंगेरा होते. सिकाड्याला कोषावस्था नाही. त्याचे पिल्लू मूळ कुरतडत नाही. सोंड खुपसून जलवाहिनीतील रस तेवढा शोषते, आणि हा रस म्हणजे जवळजवळ नुसते पाणीच असल्यामुळे, शरीराला अवश्य असलेली काही द्रव्ये त्याच्या देहात पिढ्यान् पिढ्या वस्तीला असलेले सूक्ष्म जंतू त्याला तयार करून देतात. इतक्या तुटपुंज्या आहारावर ते सावकाश वाढते, जमिनीखाली चार वेळा कात टाकते, आणि पाचवी कात मात्र उजेडाच्या जगात येऊन, झाडाच्या बुंध्यावर टाकून पंखधारी होते.

जगात सिकाड्यांच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी बहुतेकांची पिल्ले काही वर्षे जमिनीत काढतात; परंतु निरनिराळ्या वयांच्या पिढ्या एकाच वेळी जमिनीत नांदत असल्यामुळे प्रत्येक उन्हाळ्यात काही ना काही सिकाडे बाहेर येतातच, आणि त्यांच्या आयुष्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. अमेरिकेच्या पूर्वार्धातील ‘मॅजिसिकाडा’ या गणाच्या सात जातींची तऱ्हा मात्र निराळी. त्यांतल्या तीन जातींची सतरा वर्षांनी आणि चार जातींची तेरा वर्षांनी, एका प्रदेशातील सर्व पिल्ले एकाच वर्षी, एका पंधरवड्याच्या आत वर येतात, महिना-सव्वा महिना जगतात आणि नाहीशी होतात. ही गोष्ट मनुष्याला कळली कशी, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. सतरा वर्षांनी येणारी घटना एका माणसाला जाणतेपणी तीन-चार वेळाच पाहता येते. म्हणून येथे कोणा एका पंडिताच्या प्रज्ञेने काम भागण्यासारखे नव्हते. एकाने लिहून ठेवावे, दुसऱ्याने ते जपावे आणि तिसऱ्याने त्याची रुजुवात घालावी, अशा रीतीने अडीचशे वर्षांच्या रोजनिश्यांतून, पत्रव्यवहारातून आणि सरकारी दफ्तरांतून हे ज्ञान उभे राहिले आहे.

पहिली लेखी कैफियत प्लिमथच्या वसाहतीतील आहे. १६३४च्या सुमारास, तेथील गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने जमिनीतील छिद्रांतून निघालेल्या मोठ्या माश्यांच्या झुंडींनी अरण्य कसे दुमदुमून गेले याची हकीकत लिहिली, आणि यांच्या मागोमाग रोगराई येईल असे स्थानिक इंडियनांनी बजावले होते व तशी ती आली, हेही नमूद केले. इंग्लंडातून आलेल्या त्या धर्मनिष्ठ लोकांनी असा किडा कधी पाहिलेला नव्हता. बायबलातील टोळधाड मात्र त्यांच्या तोंडपाठ होती. त्यामुळे यालाही त्यांनी टोळ म्हटले, दैवी कोपाचे चिन्ह मानले, आणि पुढे पुष्कळ पिढ्या या किड्याच्या पंखावरील शिरांमध्ये लोकांना ‘डब्ल्यू’ हे अक्षर, म्हणजे युद्धाचे भाकीत, दिसत राहिले. टोळ पिके फस्त करतो. सिकाडा पाने खात नाही. त्याच्या मादीने अंडी घालण्यासाठी चिरा पाडल्यामुळे कोवळ्या डहाळ्यांचे शेंडे वाळतात, एवढेच त्याचे नुकसान, आणि ते मोठ्या वृक्षाला जाणवतही नाही. नव्याने लावलेल्या फळझाडांना मात्र ते बाधते.

१७१५च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्वीडिश चर्चचा पाद्री आंद्रेआस सँडेल याने आपल्या रोजनिशीत जी नोंद केली, तिच्यात भयापेक्षा अवलोकन अधिक आहे. वहिवाटीच्या टणक रस्त्यांतूनसुद्धा किडे जमीन फोडून कसे वर आले, वरचे कवच उकलून उडते प्राणी कसे बाहेर पडले, डुकरांनी व कोंबड्यांनी त्यांच्यावर कसा ताव मारला, इतकेच काय, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने खाल्लेले टोळ ते हेच, अशा समजुतीने काही माणसांनीही ते कसे खाल्ले, हे सर्व त्याने टिपून ठेवले. पुन्हा ते कधी येतील याचा विचार त्याच्या मनात आल्याचे दिसत नाही. परंतु त्याने तारीख घातली, आणि पुढचे सारे त्या तारखेवर उभारले गेले. चौतीस वर्षांनी, १७४९ साली, लिनेयसचा शिष्य पेर काल्म हा वनस्पतींच्या शोधार्थ त्याच प्रदेशात फिरत असताना त्याने तोच देखावा पाहिला, सँडेलची १७१५ची नोंद आणि बेंजामिन फ्रँकलिनकडून मिळालेली १७३२ची माहिती एकत्र मांडली, आणि मधले अंतर दोन्ही वेळा सतराच भरते हे त्याच्या ध्यानात आले. १७५६ साली त्याने हा वृत्तांत स्वीडनमध्ये प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी लिनेयसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या किड्याला जे शास्त्रीय नाव दिले, त्यात सतरा हा आकडाच गोवला.

त्याच १७४९च्या उन्हाळ्यात, बाल्टिमोरजवळ पटॅप्स्को नदीच्या खोऱ्यातील एका लहानशा तंबाखूच्या शेतावर सतरा वर्षांचा एक मुलगा हे किडे मारीत सुटला होता. बेंजामिन बॅनेकर हा तो मुलगा. गुलामगिरीच्या त्या काळात स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेला, शाळेत जेमतेम गेलेला, तरी स्वतःच्या बुद्धीने लाकडी घड्याळ घडविणारा, उतारवयात गणित व ज्योतिष शिकून पंचांगे रचणारा आणि १७९१ साली अमेरिकेच्या नव्या राजधानीच्या भूमापनात साहाय्य करणारा हा पुरुष या इतिहासातील मला सर्वांत आदरणीय वाटतो. हे किडे शेताचे सारे फळ खाऊन दुष्काळ पाडतील असे त्याला त्या वेळी वाटले होते, आणि आपली मेहनत व्यर्थ आहे हे त्याला लवकरच उमजले. पुढे १७६६ साली ते पुन्हा आले, १७८३ साली पुन्हा आले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, सत्तरीकडे झुकलेल्या बॅनेकरने आपल्या वहीत या तिन्ही भेटींचा हिशेब मांडून १८०० साली ते पुन्हा येतील अशी अपेक्षा असल्याचे लिहिले. धूमकेतूंप्रमाणे त्यांचा मुक्काम अल्प असतो, असे तो म्हणतो. ज्योतिर्गणिताच्या अभ्यासकाला दुसरी कोणती उपमा सुचणार? मादी आपल्या शेपटाकडील तीक्ष्ण अवयवाने डहाळी भोसकून अंडी घालते, फांदी मोडून पडते आणि अंडी मातीत जातात, असे त्याने लिहिले. शरीराचा मागचा भाग कुजून गळून पडला तरी हे प्राणी वेदनेची खूणही न दाखविता गात राहतात, हेही त्याने लिहिले. ती मॅसोस्पोरा नावाच्या बुरशीची बाधा होय, आणि शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन केले ते बॅनेकरच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी.

बॅनेकर १८०६ साली निवर्तला. त्याच्या दफनविधीच्या दिवशीच त्याच्या घराला आग लागून बहुतेक कागदपत्र जळाले. ही एक वही शाबूत राहिली म्हणून आपल्याला त्याची साक्ष काढता येते. नाहीतर सिकाड्यांच्या मागील अर्धशतकाच्या निरीक्षणाचा दाखला त्या राखेतच गेला असता.

व्हर्जिनियात माँटिसेलोच्या टेकडीवर टॉमस जेफर्सननेही आपल्या बागेच्या वहीत १७७५ साली अशीच नोंद केली. एका परिचिताला आठवणारी १७२४ व १७४१ ही वर्षे, स्वतःला आठवणारे १७५८, आणि डोळ्यांसमोरचे १७७५. ही मालिका बॅनेकरच्या मालिकेशी जुळत नाही. तीत नऊ वर्षांचे अंतर पडते. पुढे १७९१ साली याच जेफर्सनला पत्र लिहून, स्वातंत्र्याची घोषणा लिहिणारा माणूस गुलाम कसे बाळगतो, असा सवाल बॅनेकरने केला. ते पत्र जगप्रसिद्ध आहे. दोघांच्या वह्यांतील सिकाड्यांची वर्षे शेजारी ठेवून पाहण्याचे मात्र त्या काळी कोणाला सुचले नाही, आणि सुचले असते तर निरनिराळ्या मुलखांत निरनिराळ्या सालांचे थवे, म्हणजे एकाच वर्षी वर येणारे समूह, असतात हे तेव्हाच कळून आले असते.

जमिनीखाली काय चालते ही बाजूही हळूहळू उलगडत होती. फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध उद्यानकार घराण्यातील मोझेस बारट्रॅम याने १७६६ साली डहाळ्यांतील अंडी फुटताना पाहिली आणि त्यांतून निघालेली इवलीशी पिल्ले जमिनीकडे धावून सापडेल त्या भेगेत शिरतात, असे नोंदविले. ती दहा-दहा फूट खोल आढळल्याचे तो सांगतो. ही खोली अपवादाची. बहुतेक पिल्ले पृष्ठभागापासून दोन फुटांच्या आतच मुळांजवळ असतात. आता पक्के झालेले जीवनक्रमाचे कोष्टक थोडक्यात असे: मादी डहाळीतील एकेका चिरेत सुमारे वीस आणि आयुष्यात पाचशेच्या आसपास अंडी घालते, सहा-सात आठवड्यांनी मुंगीएवढी पांढरी पिल्ले निघून जमिनीवर पडतात व मातीत शिरतात, त्यानंतरचे जगणे सारे अंधारात. शेवटच्या टप्प्यात पिल्लाच्या पांढऱ्या डोळ्यांना तांबडा रंग चढतो. वसंत लागताच ते पृष्ठभागापर्यंत बोगदा खोदून ठेवते, ओलसर जागी तर बोगद्याच्या तोंडावर मातीचा लहानसा बुरूजही रचते. आणि वीतभर खोलीवरील मातीचे उष्णमान १८ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले की, बहुधा पाऊस होऊन गेलेल्या एखाद्या संध्याकाळी, सगळी एकदम वर येतात. बुंध्यावर नख्या रोवल्यावर पाठ मध्यभागी उकलते, आतून दुधासारखा पांढरा, मानेमागे दोन काळे ठिपके असलेला मऊ प्राणी बाहेर झुकतो, आणि सकाळपर्यंत त्याचे अंग काळे व टणक होऊन पंखांच्या शिरा नारिंगी दिसू लागतात.

एकोणिसाव्या शतकात बाल्टिमोरचा वैद्य गिडियन स्मिथ याने जे काम हाती घेतले, ते खरे पाहता एखाद्या महसुली कचेरीचे होते. वर्तमानपत्रांतून पृच्छा करून, गावोगावच्या लोकांशी पत्रव्यवहार करून, कोणत्या परगण्यात कोणत्या साली सिकाडे आले याचे एक दफ्तर तो दशकानुदशके भरीत गेला. तो १८६७ साली वारला आणि त्याच्या हस्तलिखिताचा बराच भाग अप्रकाशितच राहिला. परंतु पुढच्याच वर्षी, १८६८ साली, इलिनॉयचा बेंजामिन वॉल्श आणि मिसूरीचा चार्ल्स रायली या दोघा सरकारी कीटकतज्ज्ञांना त्याचा उपयोग झाला. ते वर्ष मोठ्या योगाचे होते, कारण त्या वर्षी सतरा वर्षांचा एक मोठा थवा आणि दक्षिणेतील तेरा वर्षांचा एक मोठा थवा एकाच वेळी वर आले. दक्षिणेतील मुदत तेरा वर्षांची आहे हा शोध आपलाच, असे त्या दोघांना प्रथम वाटले. परंतु मिसिसिपीतील वुडव्हिल गावच्या डॉ. फेअर्स यांनी तो तेथल्या स्थानिक वर्तमानपत्रात १८४५ सालीच छापला होता, आणि त्याचे श्रेय पुढे त्यांना मिळाले. खेडेगावच्या साप्ताहिकात छापलेला मजकूर तेवीस वर्षे कोणाच्या नजरेस पडू नये, याची हळहळ वाटते.

मग अमेरिकन शेतकी खात्यातील चार्ल्स मार्लट याने या सर्व नोंदींची खातरजमा करून, १८९३ हे पहिले साल धरून, सतरा वर्षांच्या थव्यांना १ ते १७ आणि तेरा वर्षांच्या थव्यांना १८ ते ३० असे रोमन अनुक्रमांक दिले. १९०७ साली प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. सर्व क्रमांकांना प्रत्यक्ष थवे लाभले नाहीत. आज सतरा वर्षांचे बारा आणि तेरा वर्षांचे तीन, असे पंधरा थवे हयात आहेत. सँडेल, काल्म व बॅनेकर यांनी पाहिलेला तो दहावा, जेफर्सनचा दुसरा, ब्रॅडफर्डचा चौदावा. चौदाव्याची मुदत २०२५ साली पुन्हा भरली, आणि प्लिमथच्या नोंदीपासून मोजता मधल्या तेवीस फेऱ्यांत त्याने एकही चुकविली नाही.

इतके असंख्य प्राणी एकदम का वर येतात, याचे उत्तर विसाव्या शतकाने दिले. १९५६ साली शिकागोजवळ तेराव्या थव्याची छिद्रे मोजून हेन्री डायबास व त्याच्या सहकाऱ्याने दाट वस्तीच्या जागी एकरी पंधरा लाखांपर्यंतचा अंदाज काढला. पक्षी, खारी, मासे, कासवे पोट फुटेपर्यंत खातात, तरी मोठा भाग उरतोच. या किड्याला पळता येत नाही, दंश करता येत नाही, संख्या हेच त्याचे संरक्षण. मुदत मोजण्याचे कामही त्याचे त्यालाच साधते. रिचर्ड कार्बन व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पंधरा वर्षे वयाची पिल्ले वर्षातून दोनदा बहर येईल असे केलेल्या पीचच्या झाडांच्या मुळांवर सोडली होती, आणि ती एक वर्ष आधीच वर आली. म्हणजे पिल्लू झाडाचे ऋतुचक्र मोजते. मुळातून येणाऱ्या रसातला वार्षिक फेरबदल हीच त्याची कालगणना.

ज्यांच्या नोंदी कागदावर उतरल्या नाहीत, त्यांचीही स्मृती कमी बळकट नव्हती. न्यूयॉर्कमधील ओनोंडागा लोकांची गावे व धान्याची कोठारे १७७९ साली अमेरिकन फौजांनी जाळली, लोक उपाशी पडले, आणि मग जमिनीतून निघालेल्या सिकाड्यांनी आपल्या पूर्वजांना जगविले, असे ते आजही सांगतात. त्यांच्या भूमीवरील सातव्या थव्याची वर्षे उलट मोजीत गेले तर १७८० हे साल येते. २०१८ साली तो आला तेव्हाही त्यांनी कृतज्ञतेने सिकाडे वेचून भाजून खाल्ले. आपल्या देशात मेघालयातील री भोई जिल्ह्यातल्या सैडेन गावाचे लोक दर चार वर्षांनी निघणाऱ्या ‘नियांगतासेर’ सिकाड्याची वाट अशीच पाहतात. शास्त्राच्या दफ्तरी त्या जातीची नोंद २०१३ साली झाली, गावकऱ्यांना तिचे साल त्यापूर्वीच ठाऊक होते.

नोंदींमुळे जन्म जसे कळतात तसे मृत्यूही कळतात. फ्लॉरिडा व आसपासच्या भागातील एकविसावा थवा १८७० नंतर दिसलेला नाही, आणि कनेक्टिकटमधील अकरावा १९५४ साली शेवटचा दिसला. जमिनीतील पिल्लाला झाड तोडल्याची वर्दी कोणी देत नाही. मूळ मेले की तेही मरते, आणि सतरा वर्षांत एका वस्तीत किती बांधकामे होतात याचा हिशेब सोपा आहे.

२०२१ साली दहावा थवा आला तेव्हा सिनसिनाटीतील कीटकशास्त्रज्ञ जीन क्रिट्स्की यांनी योजलेल्या व्यवस्थेद्वारे सामान्य लोकांनी दूरध्वनीवरून पाच लाखांहून अधिक छायाचित्रे स्थळवेळेसह पाठविली, आणि सँडेलच्या एका परिच्छेदाचा असा विस्तार झाला. मात्र त्याच थव्यातील पुष्कळ किडे चार वर्षे आधीच, २०१७ साली, वॉशिंग्टन व बाल्टिमोरच्या परिसरात निघाले होते. चुकार किडे पूर्वीही निघत, बहुतेक पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानी पडत. परंतु या खेपेस त्यांची संख्या लक्षात भरण्याजोगी होती, आणि हवामान उष्ण होत चालल्याने सतराची मुदत तेरावर येत आहे काय, हा प्रश्न अभ्यासकांपुढे आहे. त्यांतील काहींनी अंडी घातली असतील आणि पिल्ले तगली असतील, तर तेराच्या हिशेबाने २०३० साली व सतराच्या हिशेबाने २०३४ साली त्यांची संतती वर येईल. तोपर्यंत त्या शहरांतील बागांमध्ये कुदळीखाली सापडणाऱ्या प्रत्येक पिल्लाचे वय, खोली, डोळ्यांचा रंग आणि साल लिहून ठेवणे अवश्य आहे.